आधी अकोल्याला, मग अमरावतीला

अकोलेवाली कुणाच्याही घरी गेली की उंबऱ्यावर थांबायची आणि डोळे मिटून घ्यायची. हातातली पिशवी हातात, मागे येणारी माणसं पायरीवर खोळंबलेली, आणि ही मिटल्या डोळ्यांनी दारात उभी. नवख्या घरी वाटायचं, बाईला चक्कर आली. कुणी पाणी आणायला धावायचं, कुणी खुर्ची पुढे करायचं. मग ती डोळे उघडून हसायची. "काई नाई व माय. डोये आधी घुसतात घरात, मंग नाका-कानाले जागाच नाई भेटत. म्हून डोयाइले जरा बाहीर थांबवलं." एकदा आमच्याच दारात अशी उभी राहून ती म्हणाली, "ताई, आज मेथी बुडाले लागली, आन् घरात कोनीतरी रडलं होय." दोन्ही खरं होतं. मेथी माझ्याकडून लागली होती. रडलं कोण होतं, ते मी तेव्हा तिला सांगितलं नाही आणि आता तुम्हालाही सांगणार नाही.

ईरा आणि ओजस, ही अकोलेवाली म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्या आईची काकू. आपल्या वऱ्हाडात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत आहे, म्हणून ती अकोलेवाली. पुढे दिरांची बदली अकोल्यालाच झाली आणि तेव्हापासून ती अकोल्यात राहणारी अकोलेवाली आहे, पण आमच्या घरात नाव बदललं नाही. मी नागपूरची, पण मला नागपूरवाली कधी कुणी म्हटलं नाही. इंग्रजीत एम.ए. होऊन इथे अमरावतीला मुलींच्या कॉलेजात शिकवत होते, म्हणून मी सगळ्यांची 'मॅडम' झाले, सासूबाईंसकट. आता ती सातासमुद्रापार तुमच्याकडे यायला निघाली आहे. तुमची आई काम करते त्या संग्रहालयाने तिला मुलांसाठी एक खोली करायला बोलावलं आहे आणि ती सहा महिने तुमच्याच घरी राहील. माणूस घरात येण्याआधी त्याची नीट ओळख असावी असं मला वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मला तिचा हेवा वाटतो. 'पूर्वी वाटायचा' असं लिहिणार होते, पण ते खरं झालं नसतं.

तिची पहिली करामत मी पाहिली ती भुलाबाईच्या दिवसांत. तुम्हाला भुलाबाई माहीत नाही. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडच्या मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमतात, भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखतात. खाऊ झाकणाच्या डब्यात असतो. घरची बाई तो कानाजवळ हलवते आणि मुलींनी नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. त्या दिवशी आमच्याकडे पाळी होती. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या, एकसारख्या कापलेल्या, वेलची घातलेल्या. डबा हलवायला अकोलेवाली उभी राहिली. मुली ओरडू लागल्या. एक म्हणाली चिवडा, दुसरी म्हणाली शेंगदाण्याचे लाडू, तिसरी बत्तासे, आणि प्रत्येकीला अगदी खात्री. तुमची आई मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती. ती काही बोलेना. नुसती काकूच्या हाताकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, डब्यात काहीच नाई. तुया बांगड्या वाजून राह्यल्या."

अकोलेवालीने डबा उघडला. आत नुसता कापूस दाबून भरला होता. मुली एकदम चिडल्या. "फसवलं आमाले!" "मी काहून फसवू?" ती म्हणाली. "मी तं नुसता हात हालवला. बत्तासे तुयाच डोक्यात होते ना, पोट्टे?" मग तिने मुक्ताला जवळ घेऊन तिचा कान हलकेच ओढला. "हे लेकरू माहं होय," म्हणाली. आपल्याकडे कौतुकाने कुणीही कुणाच्या लेकराला असं म्हणतं, त्यात काही विशेष नाही. पण मी वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होते, आणि एवढ्या गोंधळात कुणालाही वड्यांची आठवण राहिली नव्हती.

त्या दिवसापासून मुक्ताची प्रत्येक गोष्ट आधी काकूला कळायची. दात पडला, आधी काकूला. शाळेतल्या बाईंनी मारलं, आधी काकूला. काकू अकोल्याला गेल्यावर वाटलं, आता तरी माझा नंबर लागेल. तोवर फोन आला होता. बारावीला गणितात गटांगळी खाल्ली ते आधी अकोल्याला कळलं, मग अमरावतीला. इंजिनिअरिंगचा फॉर्म न भरता मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं ठरलं, तेही तसंच. तुमचे बाबा तिला आवडले ते अकोल्याला कळून महिना झाला, तेव्हा माझ्यापर्यंत आलं. आणि ईरा, तू येणार ही बातमीसुद्धा आधी अकोल्याला गेली. अकोलेवालीने मला फोन केला आणि नुसतंच म्हणाली, "ताई, मुक्ताचा फोन येईन तुमाले. आला की असं दाखवजा की तुमाले काईच माईत नाई." मी तसंच दाखवलं. "अगं बाई, खरंच?" असं मी किती सहज म्हणाले ते आठवून मला आजही माझं कौतुक वाटतं.

याचं एक कारण मला कळत होतं. मुक्ताने माझ्याशी शुद्ध बोलावं असा माझा आग्रह असायचा. 'मले-तुले' घरात चालणार नाही, हा नियमच होता. ती पाळायची. माझ्यासमोर 'मला बरं वाटत नाही' म्हणायची, आणि तेच स्वयंपाकघरात काकूला सांगताना, "काकू, मले आतून कसंतरीच होऊन राह्यलं." माझ्या वाट्याला बातमी यायची. तिच्या वाट्याला कसंतरी होणं यायचं.

ती अकोल्याला गेली तरी महालक्ष्म्यांना मात्र दर वर्षी आमच्याकडे यायची. आमच्या घरी महालक्ष्म्या थोरल्याकडे बसतात. मुखवटे मांडणं, सोळा भाज्या, पुरण, आंबील हे थोरल्या सुनेचं काम, आणि आरास धाकटीची. वर्षानुवर्षं आरास म्हणजे झुरमुळ्या आणि विजेच्या माळा. हिने एका वर्षी दोन्ही महालक्ष्म्यांसमोर जुनी मच्छरदाणी दुहेरी करून ताणली आणि खोलीतले सगळे दिवे मालवून दारापाशी खाली एकच दिवा ठेवला. बाई दारातून आत आली की तिची सावली मोठी होऊन मच्छरदाणीवर पडायची, आणि पलीकडे अंधुक दिसणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठांच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहायची.

शेजारच्या वानखडे आजी हळदीकुंकवाला आल्या. दारात थबकल्या. "अवं, दोनच बसवता ना तुमी? मंग हे तिसरी कोन होय?"

"तुमीच वळखा, आजी," अकोलेवाली म्हणाली.

आजींनी पदर सावरला. समोरच्या सावलीनेही पदर सावरला. आजींचा चेहरा एकदम उतरला. "माही माय अशीच खांद्यावरून पदर घे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, दोन ताटं काहून वाढली? तिसरं आना. माही माय जेवल्याबिगर जाईन काय?" त्यांना सांगून पाहिलं की ती तुमचीच सावली आहे. पण मी तिसरं ताट आणून मांडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग सगळ्या बायकांचं तेच सुरू झालं. प्रत्येकीला त्या मधल्या जागेत कुणीतरी दिसत होतं. कुणाला सासू, कुणाला गेलेली बहीण. एक बाई तर काही न बोलता रडून गेली. घरी जाताना प्रत्येक बाई आरशाबद्दल बोलावं तसं त्या आराशीबद्दल बोलत होती. त्या वर्षीच्या पुरणाबद्दल एकीनेही शब्द काढला नाही, आणि ते पुरण मी पहाटे उठून पाट्यावर वाटलेलं होतं.

मीही त्या दारात उभी राहिले होते, सगळ्या गेल्यावर. मला माझीच सावली दिसली. नीट, सरळ उभी. दुसरं कुणीच आलं नाही. हे मी अकोलेवालीला सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "छान आहे." ती म्हणाली, "काय दिसते थे नोका सांगू ताई, काय वाटते थे सांगा." हे तिचं नेहमीचं वाक्य. मी म्हणाले, "पुरण उरलंय, डब्यात भरते."

गेल्या काही वर्षांत जगाला ती सापडली. नागपूरहून कलेचे जाणकार तिच्याकडे येऊ लागले. त्यांनी तिच्या आराशींना मांडणशिल्प म्हटलं, इन्स्टॉलेशन म्हटलं, अबोध मनाचा खेळ म्हटलं. त्यांच्या पुस्तिकेसाठी इंग्रजी मजकूर हवा होता आणि तो मीच लिहून दिला, कारण घरात दुसरं कोण लिहिणार? मी तिला समजावलं, "तू जे करतेस ना, त्याला जगभर इन्स्टॉलेशन म्हणतात." "असंन," ती म्हणाली. "आमच्या घरी तेले आरास म्हन्तात." आणि पुढे, "अबोध म्हंजे काय ताई?" मी म्हणाले, "जे आपल्या मनात असतं, पण आपल्याला माहीत नसतं." ती म्हणाली, "मंग तुमाले कसं माईत थे हाय म्हून?" एम.ए.ला हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आता जी आरास पाहून तुमच्या संग्रहालयाने तिला बोलावलं, त्या आराशीबद्दल सांगते. अकोल्यात तिच्या भावाची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ती बंद पडून होती. ती लांबच लांब शेड तिने मागून घेतली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापूस रचून मधून अंधारी वाट केली. चपला बाहेर काढून अनवाणी जायचं, पायाखाली सरकी. कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो. थोडं आत गेलं की आपलाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो की दुसरं कुणी सोबत चालत असल्यासारखं वाटतं. ही वाट संपली की उजेडात एक स्वयंपाकघर.

पण ते स्वयंपाकघर फार मोठं. सुताराकडून तिने सगळंच वाढवून करून घेतलं होतं. ओटा डोक्याच्या वर, दाराची कडी हात उंचावला तरी न पोचणारी, फळीवरचे डबे घागरीएवढे. चांगला उंचापुरा माणूस आत शिरला की पाच वर्षांचा व्हायचा. बँकेतले साहेब, कापसाचे व्यापारी, सगळे मान वर करून ओट्याकडे बघत उभे. ओट्यापाशी बाई नव्हती. नुसता कोपऱ्याआडून एका साडीचा पदर लोंबत होता, लहान मुलाच्या हाताशी येईल असा, आणि कुठेतरी लपवलेल्या पंख्याने तो जरासा हलायचा. जणू साडीतली बाई आत्ताच पलीकडे वळली. कुठेही 'धरा' असं लिहिलेलं नव्हतं. तरी येणारा प्रत्येक जण तो पदर धरायचा. बोलता बोलता धरायचे आणि आपण धरलाय हे त्यांना बऱ्याच वेळाने कळायचं.

साडी माझी होती. विटकरी काठाची हिरवी सुती साडी. "एखांदी जुनी साडी द्या ना ताई," म्हणून तिने नेली होती. मला वाटलं, पुसायला हवी असेल. मी पोचले तोवर आरास तीन दिवस उघडी होती, आणि त्या पदराखाली कुणीतरी हळदीकुंकू वाहून नारळ ठेवला होता. शेजारी उदबत्तीची राख. एक बाई ओटी भरण्यासाठी तांदूळ घेऊन रांगेत उभी होती.

"अगं, हे काय?" मी म्हणाले. "मी जिवंत आहे अजून!"

"तेइले कोठी माईत हाय तुमची साडी होय म्हून?" अकोलेवाली म्हणाली. "तेइले आपापली माय दिसून राह्यली. आता नारय काहाडा म्हनू काय?"

मुक्ता या आराशीसाठी तुम्हाला बाबांजवळ ठेवून आठ दिवस आली होती. दिव्यांचं काम तिनेच केलं होतं, अर्धं तिकडून फोनवर, अर्धं इथे येऊन. पण पुरं झाल्यावर पाहणारी म्हणून आत गेली ती माझ्यानंतर. मी बाहेर बाकावर बसले होते. ती बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल, केसांत कापूस. मी उठून उभी राहिले. ती माझ्यासमोरून सरळ काकूकडे गेली, तिच्या कानात काही बोलली आणि नळावर तोंड धुवायला निघून गेली.

मुक्ता तिला काय सांगते, हे मी खूप वर्षं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "काय म्हणाली?"

अकोलेवाली हातातला कापूस पिंजत होती. "म्हने, काकू, हे तुई आरास नाई होय. हे माही आई होय."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण काय वाटलं तेच सांगायचं असतं म्हणे. वाटलं, हेसुद्धा आधी अकोल्याला! माझ्याबद्दलची गोष्ट, माझ्या साडीबद्दलची, आणि तीही आधी हिच्या कानात.

बहुधा ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. अकोलेवालीने कापूस खाली ठेवला. "थे मले सारं सांगे, हाव," ती म्हणाली. "पन सांगताना हात कोठी राहे तिचा? तुमी ओट्यापाशी पोया लाटत राहा, आन् थे तुमचा पदर धरून माह्याशी हयूच बोले. तुमाले तं पत्ताही नसे. मी समोर बसून पाहो. मले वाटे, आज तं माहा धरंन. कदी नाई धरला, ताई. एक डाव नाई." मग ती उठून नारळाला नमस्कार करणाऱ्या बाईला वाट करून द्यायला गेली.

तिला मूल नाही, हे मी तुम्हाला आतापर्यंत सांगितलं नाही. घरात ते कधी कुणी बोलत नाही आणि तीही बोलत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी तिच्याकडे बघत होते तेव्हा ती माझ्या पदराकडे बघत होती. हे कळल्यावर माझा हेवा गेला असं समजू नका. त्याला फक्त सोबत मिळाली.

काल तिला नागपूरच्या विमानतळावर सोडून आलो. तिची बॅग मीच भरली, कारण तिच्या हातून भरली असती तर चष्मा तळाशी आणि लोणचं चष्म्यावर गेलं असतं. एका कप्प्यात पोत्याएवढी सरकी निघाली. मी ती काढून ठेवली. सांगितलं, तिकडे बी-बियाणं आत नेऊ देत नाहीत. "बाप्पा! मंग तिकडच्या लेकराइच्या पायाखाली काय टाकू?" म्हणून ती खरोखर चिंतेत पडली. मलाही तुमच्याकडे यायचं होतं हे तिला माहीत आहे. पण तुमच्या आजोबांना सोडून मला निघता येत नाही आणि त्यांना एवढा प्रवास झेपत नाही. आत जायच्या आधी ती माझा हात धरून म्हणाली, "लेकराइले काय सांगू तुमच्याबद्दल?"

"काही सांगू नकोस. मीच लिहिते आहे त्यांना."

"काय लिहून राह्यल्या?"

"तुझ्याबद्दल."

ती एवढ्या मोठ्याने हसली की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "माह्याबद्दल? मंग दोघीइबद्दल लिहजा, ताई. एकलीबद्दल लिहान तं अर्धंच होईन." आणि मागे वळून न बघता, भलत्याच दाराकडे निघाली. शिपायाने हाताने दाखवून तिला योग्य दारात घातलं.

तर मुलांनो, ती तुमच्यासाठी खोली करील. ती कशी असेल ते तिलाही अजून ठाऊक नसेल. पण तुम्ही त्या खोलीत जाल, आणि आत तुम्हाला काहीतरी होईल. भीती वाटेल, किंवा हसू येईल, किंवा असं काहीतरी आठवेल जे तुम्ही पाहिलेलंच नाही. बाहेर याल तेव्हा ती दारातच उभी असेल आणि विचारेल, काय वाटलं? तिला विचारल्यावाचून राहवत नाही आणि तिला सांगितल्यावाचून कुणालाच राहवत नाही, हे मी तुमच्या आईवरून सांगते. तुम्ही तिला सगळं सांगा. अगदी खरं सांगा, आणि जी भाषा तोंडात येईल तीत सांगा, माझी हरकत नाही. पण त्याच्या आधी एक मिनिट थांबा. "काकूआजी, एक फोन करून येतो" म्हणा. तिकडे दुपार असेल तेव्हा इकडे पहाट असते. त्याचा विचार करू नका, मी जागी असते. आधी मला सांगा. मग तिला.